हुमणाचा वास आणि चवथीचे पाहुणे

प्रश्न : माझे यजमान ७२ वर्षांचे असून मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी त्यांना दर तीन आठवड्यांनी बांबोळीच्या रुग्णालयात ऑक्झालिप्लॅटिन हे औषध शिरेतून देतात. घरी आल्यावर फ्रिजमधली बाटली धरली तरी त्यांच्या बोटांना झिणझिण्या येतात, आणि आयुष्यभर आवडीने खाल्लेल्या हुमणाचा (माशांच्या कालवणाचा) वासही त्यांना सोसवत नाही. त्यातच गणेश चवथीला घर भरणार. काय करावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : गारव्याने झिणझिण्या येणे हा या औषधाचा ओळखीचा परिणाम आहे, म्हणून औषध घेतल्यानंतरचे काही दिवस त्यांना पाणी कोमट द्यावे, सोलकढी थंड देऊ नये आणि फ्रिज तुम्हीच उघडावा. मात्र पुढच्या खेपेपर्यंत झिणझिण्या टिकून राहिल्या किंवा सदऱ्याची बटणे लावणे जड जाऊ लागले, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण त्यावरून औषधाची मात्रा ठरवावी लागते. हुमणाचा आग्रह सोडावा. गरम अन्नाचा वास अधिक दरवळतो, त्यामुळे उकड्या तांदळाची पेज कोमट करून थोडीथोडी द्यावी.

पाहुण्यांना येऊ द्यावे, पण सर्दी-खोकला असलेल्यांना स्पष्ट नकार कळवावा. यात कसला आला अपमान? ताप १००.४ अंश फॅरनहाइट झाला, तर पॅरासिटामॉल देऊन वाट न पाहता रात्र असली तरी लगेच रुग्णालय गाठावे. आणि नेवऱ्या (करंज्या) यंदा जावांनी कराव्यात; तेवढा वेळ तुम्ही झोप काढावी.