कथामालिका लिहिताना प्रेरणा कशी टिकवायची? पात्रं, घटना सगळं लक्षात ठेवायला कुठलं ॲप चांगलं?

तुम्ही लिहिलंय की गडावरच्या खजिन्याच्या मालिकेचे सहा भाग भराभर झाले, सातवा दोन महिने अडकलाय आणि प्रेरणाच संपली असं वाटतंय. ॲपचं शेवटी सांगते. आधी प्रेरणेचं, कारण हा शब्द ऐकला की आमच्या घरातलं जुनं भांडण डोक्यात सुरू होतं आणि मग गप्प बसवत नाही.

मी सांगलीत एका पतसंस्थेत काम करते, एकोणीस वर्षं झाली. रात्री जेवणं आवरली की लिहिते. माझी मालिका पुण्यातल्या नारायण पेठेतल्या एका वाड्याची आहे, १९६१ च्या पानशेतच्या पुरात तो वाडा जातो आणि पुढं ते कुटुंब गोखलेनगरला राहायला जातं. आईचं माहेर नारायण पेठेतलं, पूर आला तेव्हा ती चार वर्षांची, त्यामुळं मी लहानपणापासून तो पूर ऐकत आलेय. पहिले २३ भाग मी पाच महिन्यांत लिहिले, एकही नोंद न ठेवता, सगळं डोक्यात. कारण माझा मोठा भाऊ, दादा, कविता करतो, दोन-तीन दिवाळी अंकांत छापून आल्यात, घरात त्याच्या शब्दाला वजन आहे, आणि तो मला म्हणाला होता की गोष्ट आत जिवंत असेल तर वही लागत नाही, वही ठेवतो तो कारकून. मला ते खरं वाटलं. मी कारकूनच आहे, त्यामुळं जास्तच लागलं.

भाग १९ मध्ये पुराच्या रात्री माझं कुटुंब पर्वतीच्या पायऱ्यांवर बसून चांदण्यात खालचं शहर बघतं असा प्रसंग होता. मला फार आवडलेला. लोकांनाही आवडला. चार दिवसांनी एका बाईंची कमेंट आली, की बाळ, त्या दिवशी अमावास्या होती. मी नऊ वर्षांची होते. हाताला हात दिसत नव्हता, वडील एकेकाचं नाव घेऊन हाक मारत होते आणि आम्ही ओ देत होतो, त्यावरून कळत होतं कोण कुठं आहे ते.

सासूबाईंच्या ट्रंकेत जुनी पंचांगं आहेत, त्यातलं शके १८८३ चं काढलं. १२ जुलै १९६१, बुधवार, अमावास्या. पंचांग घरात होतं हो, मी बघितलंच नव्हतं! आणि समजा अमावास्या नसती तरी जुलै महिन्यात एवढ्या पावसात चांदणं कुठून येणार होतं, हा साधा विचारसुद्धा मी केला नव्हता.

त्यानंतर चार भाग रेटून लिहिले, पण प्रत्येक वाक्याला भीती, की हे आधी काय लिहिलं होतं, हे जुळतंय का. भाग २३ नंतर बंद. चौदा महिने. सगळ्यांना सांगायचे प्रेरणा गेली. दादा म्हणायचा वाट बघ, येईल आपोआप. ती आली नाही. मला आज स्पष्ट दिसतं की गोष्टीवरचं प्रेम तेवढंच होतं, मला फक्त माझ्याच गोष्टीत कुठं काय ठेवलंय ते सापडेनासं झालं होतं आणि त्याची लाज वाटत होती. तुमचंही तेच झालंय असं मी छातीठोक सांगते. सहा भाग भराभर लिहिणाऱ्या माणसाला कंटाळा आलेला नसतो.

मग त्या दिवाळीच्या सुट्टीत झेरॉक्सच्या दुकानातून २३ भागांचे प्रिंट काढून आणले आणि लाल पेन घेऊन बसले, कॅश टॅली होत नसली की आम्ही जसे बसतो तशी. ३१ चुका निघाल्या. कुसुम तिसऱ्या भागात अकरा वर्षांची आणि सोळाव्यात, त्याच साली, तेरा. वाड्याचा जिना एकदा डावीकडं एकदा उजवीकडं. पैशांचा तर नुसता गोंधळ. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, १९६४ पर्यंत नाण्यावर नये पैसे लिहिलेलं असायचं, आणि लोकांच्या तोंडात अजून आणे, तर माझा वाणी एका भागात आण्यात हिशोब करतो आणि दुसऱ्यात पैशात. ठरवून टाकलं की आजी आण्यात बोलणार आणि कुसुम नये पैशात. हे मी रजिस्टरला लिहिलं आणि लिहिता लिहिता आजी-नातीचं हिशोबावरून एक अख्खं भांडण सुचलं, तो भाग २६ झाला. हे दादाला कधी पटलं नाही, की नोंद करताना सुचतं.

पण सगळ्यात मोठी गोष्ट सापडली ती वेगळीच. पाचव्या भागात आजोबा मरताना निळी पेटी उघडू नका म्हणतात आणि मी ती पेटी नंतर विसरूनच गेले होते. वाचक विचारत होते, मी उत्तर देत नव्हते. अशा वाचकाला कबूल करून न दिलेल्या गोष्टींची मी यादी केली, आमच्याकडं थकबाकीची करतात तशीच, कोणाचं काय, कधीपासून. १७ निघाल्या. यादी बघितली आणि लक्षात आलं की पेटी तळमजल्यावर होती, म्हणजे ती पाण्याखाली गेली असणार. त्याच रात्री दोन वाजेपर्यंत बसून भाग २४ लिहिला. भाग १९ सुद्धा पुन्हा लिहिला, अंधारात वडील एकेकाचं नाव घेतात असा. त्या बाईंना आधी विचारलं वापरू का, त्या म्हणाल्या वापर, माझ्या वडिलांना कोणीतरी लक्षात ठेवलं असं होईल.

आता मालिका ६१ भागांवर आहे. प्रत्येक पात्राला रजिस्टरचं एक पान, जन्मसाल, सवयी, तोंडचे शब्द, अंगावरची खूण. एक पान वाड्याच्या नकाशाचं. मागची पानं थकबाकीला. आणि भाग संपला की कीर्दीतल्यासारखी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीतल्यासारखी, अखेरची शिल्लक लिहायची, कोण कुठं आहे, कोणाला काय माहीत आहे, कोणाला नाही, आणि खाली पुढच्या भागाचं पहिलं वाक्य. दुसऱ्या दिवशी तीच आरंभीची शिल्लक. दमून आल्यावरही सुरुवात होते ती त्या एका वाक्यामुळं. शिवाय तीन भाग लिहून तयार असल्याशिवाय मी एकही टाकत नाही, घरात आजारपण निघालं तरी दर गुरुवारचा भाग चुकत नाही.

दादा अजून म्हणतो की शेरलॉक होम्सचा लेखक तरी कुठं एवढं बघत होता, १८८७ च्या कादंबरीत वॉटसनला गोळी खांद्याला लागलेली आणि १८९० च्या कादंबरीत जखम पायाला, कोणाचं काय अडलं? नाही अडलं, खरंय. तिथं लोक होम्स काय करतो ते बघायला येत होते. माझ्याकडं ज्यांच्या स्वयंपाकघरात चिखल शिरला होता ती माणसं येतात, त्यांना जिना कुठल्या बाजूला होता याचा फरक पडतो. आणि ह. ना. आपट्यांनी १८९० मध्ये करमणूक काढलं, त्यात हप्त्याहप्त्यानं कादंबऱ्या लिहिल्या, ते साप्ताहिक होतं, अंक दर आठवड्याला द्यायचाच असायचा. ते काही प्रेरणेची वाट बघत बसले नसणार. दादाची कादंबरी मात्र २०१३ पासून तीन प्रकरणांवर आहे. चांगली प्रकरणं आहेत, मला चौथं वाचायचंय, म्हणूनच एवढा जीव तोडून भांडते त्याच्याशी.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. नोंदींचा अतिरेक करू नका, मी मध्यंतरी तीन महिने पेठेतल्या गल्ल्यांचे नकाशे काढत बसले आणि गोष्टीची एक ओळ लिहिली नाही. आणि घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल तर हे काहीच लागू होत नाही, तेव्हा लिहिणं थांबलं तर थांबू द्या, वाचकांना तसं एका ओळीत कळवा, लोक थांबतात. तुमची काल्पनिक गडाची गोष्ट आहे, तुम्हाला पंचांग लागणार नाही, पण गडाला दरवाजे किती आणि खजिन्याचं कोणाकोणाला कळलंय हे लागेलच. सातव्याला हात लावायच्या आधी सहाही भाग एका बैठकीत वाचा, आणि काय काय कबूल केलंय ते लिहून काढा.

ॲप कुठलंही घ्या, शोधता येतं हा फायदा आहेच. मी २०० पानी रजिस्टर वापरते आणि दर महिन्याला पानांचे फोटो काढून ड्राइव्हवर टाकते. ऑगस्ट २०१९ ला आमच्या सांगलीत पाणी आलं, तेव्हा आठ दिवस पाण्यात राहिलेला कागद कसा होतो ते मी बघितलंय, पानं सुटी होत नाहीत, वीट होते नुसती. फोटो काढायला विसरू नका.