कपड्यांवरून कल ओळखता येतो का?

प्रश्न : माझा मुलगा २० वर्षांचा असून पुण्यात इंजिनिअरिंग शिकतो. यंदा दिवाळीला तो घरी आला तेव्हा केस खांद्यापर्यंत वाढलेले, एका कानात डूल, डोळ्यांत काजळ आणि नखांना मोरपंखी नेलपॉलिश होते. पाडव्याला सगळे नातेवाईक पंगतीला बसले असताना तो डाव्या हाताची बोटे मांडीवरच्या नॅपकिनखाली लपवून जेवत होता. त्या दिवसापासून त्याचे वडील त्याच्याशी धड बोललेले नाहीत. माझे दीर म्हणतात, "हा तसला आहे, डॉक्टरला दाखवा, नाहीतर लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल." माझा मुलगा समलिंगी आहे का? आम्ही काय करावे? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, नॅपकिनखाली लपवलेली ती बोटे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. नखे रंगवून थेट आपल्या घरी यावे, इतका तुमच्यावर त्याचा भरवसा होता आणि पंगतीत बसल्यावर तो डळमळला. तो भरवसा टिकवणे हेच सध्या तुमच्या हातातले सर्वांत मोठे काम आहे, असे मला मनापासून वाटते.

आता तुमचा प्रश्न. तुमचा मुलगा समलिंगी आहे की नाही, हे त्याच्या काजळावरून मी सांगू शकत नाही आणि तुमचे दीरही सांगू शकत नाहीत. आपल्याला कोणाविषयी प्रेम आणि ओढ वाटते तो लैंगिक कल. आपण पुरुष आहोत, स्त्री आहोत की या दोन्हींत न बसणारे आहोत, ही मनातली जाणीव म्हणजे लिंगओळख. आणि कपडे, केस, दागिने, चालणे-बोलणे यांतून जे बाहेर दिसते ती लिंगभावाची अभिव्यक्ती. या तीन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नसतात. काजळ घालणारा मुलगा स्वतःला पूर्णपणे पुरुष मानणारा आणि मुलींच्या प्रेमात पडणारा असू शकतो, आणि रोज इस्त्रीचा शर्ट घालून, मिशी राखून कामावर जाणारा माणूस समलिंगी असू शकतो.

शिवाय बायकी काय आणि पुरुषी काय, याची वाटणी काळाप्रमाणे बदलत आली आहे. पेशवाईतले पुरुष कानात भिकबाळी मिरवत आणि आज लग्नातले नवरदेव ती पुन्हा हौसेने घालतात. तिथे कोणाच्या मनात शंका येत नाही. नऊवारीचा कासोटा आणि धोतराचा काचा मागे खोचण्याची रीतही सारखीच आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, रंगभूमीवर ज्या ढबीने शालू नेसत आणि केसांत फुले माळत, ती ढब त्या काळच्या प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रियांनी उचलली. याउलट तमाशापटांत नाच्याच्या भूमिका करणारे गणपत पाटील घरी बायकामुलांत रमणारे गृहस्थ असूनही, पडद्यावरच्या त्या चालीबोलीपायी त्यांना लोकांचे टोमणे सोसावे लागले. वेशालाच माणूस समजण्याची ही चूक आपल्या समाजाने पूर्वीही केली आहे आणि तिची झळ संपूर्ण घराला बसते, म्हणून मी हे इतके लांबवून सांगते आहे.

तरीही कपड्यांचा आणि कलाचा काडीचाही संबंध नसतो, असे मी म्हणणार नाही. उघडपणे बोलायची सोय नसते तेव्हा काही समलिंगी माणसे एखाद्या डुलातून, केसांच्या ठेवणीतून आपल्यासारख्यांना ओळख देतात. पारलिंगी, म्हणजे जन्मावेळी नोंदवलेले लिंग आणि मनातली लिंगओळख वेगळी असलेल्या, व्यक्तीसाठी तर कपडे ही हौस नसते; मनाने मुलगी असलेल्या व्यक्तीला शर्टपँटमध्ये दिवस काढणे किती जड जाते, ते तिलाच ठाऊक. तुमचा मुलगा यांपैकी कोणी असेल किंवा नुसता मोरपंखी रंग आवडणारा मुलगा असेल. ते त्याच्याच तोंडून, त्याला हवे तेव्हा, कळले पाहिजे.

डॉक्टरविषयी स्पष्ट लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. कल बदलून देण्याच्या तथाकथित उपचारांना २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांचे गैरवर्तन ठरवले आहे, त्यामुळे "सुधारून देतो" म्हणणाऱ्याच्या दारात मुलाला नेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात पोशाख, बोलणे आणि वागणे यांतून लिंगभाव व्यक्त करणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला, आणि ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. लग्नाचा सल्ला तर कृपा करून मनातूनही काढून टाका. मुलगा समलिंगी असेल तर त्याच्याबरोबर एका निरपराध मुलीच्या आयुष्याचीही माती होईल, आणि नसेल तर त्या लग्नाला कारणच उरत नाही.

मग करायचे काय? "तू तसला आहेस का?" हा प्रश्न विचारू नका. पुढच्या खेपेला तो आला की त्याचा हात हातात घेऊन, रंग कुठून आणलास एवढेच विचारा आणि तो जे बोलेल ते मध्ये न तोडता ऐका. एसटीत, हॉस्टेलवर कोणी त्याला त्रास देते का, हेही विचारा. आईच्या काळजीची खरी जागा ती आहे. वडिलांना लगेच सगळे पटणार नाही, पण परीक्षा, मेसचे जेवण, गाडीची सर्व्हिसिंग यांवर तरी त्यांनी बोलणे सुरू करावे, कारण घरातला अबोला मुलांना फार एकटे पाडतो. तुम्हाला स्वतःला बोलावेसे वाटले तर मुंबईत 'स्वीकार' नावाचा, अशा मुलांच्या पालकांचा गट आहे. मनावर फारच ताण आला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर तुम्ही किंवा मुलगा फोन करू शकता.

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे आणि मला मुलींविषयीच ओढ वाटते. मला साडी, मोगऱ्याचा गजरा, हिरव्या बांगड्या मनापासून आवडतात. जवळच्या मैत्रिणीला मी हे सांगितले तेव्हा ती हसून म्हणाली, "तू कुठे तशी दिसतेस?" केस कापून शर्टपँट घातली तर लोकांना पटेल का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पटवण्यासाठी केस कापू नका. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री अमुकच दिसते, हे चित्र तुमच्या मैत्रिणीने कुठेतरी पाहिलेले आहे आणि त्या चित्राशी ती तुम्हाला ताडून पाहते आहे. वरच्या पत्रातले काका काजळ पाहून जी चूक करतात, तीच ती तुमचा गजरा पाहून करते आहे. तिच्या हसण्यात दुष्टावा होता, असे तुमच्या पत्रावरून वाटत नाही. तिला पुन्हा एकदा निवांत भेटा आणि ते वाक्य तुम्हाला का लागले, तेवढे सांगा. ऑफिसात आणि नात्यात कोणाला सांगायचे, किंवा सांगायचेच नाही, हे मात्र तुमची सुरक्षितता आणि तुमची सोय पाहून तुम्हीच ठरवा.