सत्तरीपुढच्या आई-वडिलांचा सरकारी आरोग्य विमा: बेळगाव-खानापूरकडच्या घरांनी आधी काय बघावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ७३ वर्षांचे, आई ६८ ची, दोघं खानापूर तालुक्यात गावी. रेशन कार्ड एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेवरचं. वडिलांना हृदयाचा त्रास सुरू झालाय आणि तुम्ही नोकरीला पुण्यात. 'आयुष्मान कार्ड काढलं की ५ लाखांपर्यंत सगळं फुकट होतं का, आणि ते कोल्हापुरात चालेल का?'

आमच्या भागातल्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांची कागदपत्रं करून देताना जे बघितलं त्यावरून सांगतो. कार्ड निघतं. एखाद्या दुपारचं काम आहे. खरी अडचण दवाखान्याच्या काउंटरवर येते, आणि तिची तयारी माणूस धडधाकट असतानाच करावी लागते. रात्री अकराला छातीत दुखायला लागल्यावर कुणी नियम वाचत बसत नाही.

आपल्याकडे 'आयुष्मान' या एकाच नावाखाली लोक वेगवेगळ्या गोष्टी बोलतात, त्या आधी सोडवून घेऊ. केंद्राची मूळ योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. कर्नाटकानं ती आपल्या आरोग्य कर्नाटक योजनेत मिसळून घेतली, आणि इथला कारभार सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्ट बघतो. कर्नाटकात बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या कार्डवाल्यांना ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएलवाल्यांना मात्र सरकारनं ठरवलेल्या पॅकेज दराच्या ३० टक्केच मिळतात, तेही वर्षाला कुटुंबामागे दीड लाखापर्यंत. समजा एखाद्या ऑपरेशनचं पॅकेज १ लाखाचं आहे, तर सरकारचे ३० हजार, बाकीचे घरचे. तुमचं कार्ड एपीएल आहे, म्हणजे नुसत्या रेशन कार्डाच्या जोरावर 'सगळं फुकट' होणार नाही. शेजारच्या बीपीएलवाल्या घरात बायपास फुकट झाली म्हणून आपलीही होईल असं धरून लोक जातात आणि डिस्चार्जच्या दिवशी सोनं गहाण टाकायची पाळी येते.

आता तुमच्या वडिलांच्या कामाची गोष्ट. २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्रानं ७० वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना ही योजना खुली केली. उत्पन्नाची अट नाही, रेशन कार्डाचा रंग बघत नाहीत, शेती किती आहे विचारत नाहीत. वय आणि आधार, एवढंच. या कार्डाला आयुष्मान वय वंदना कार्ड म्हणतात. हप्ता नाही. आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरतात, थांबायची मुदत नाही. हृदयाचा त्रास आधीच निघालेल्या माणसाला खाजगी कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत हे सहसा मिळत नाही.

आईचं वय ६८, त्यामुळे त्या यात बसत नाहीत. साठीला मिळणारं ज्येष्ठ नागरिक ओळखपत्र वेगळं, त्याचा या विम्याशी संबंध नाही. वडिलांच्या ५ लाखांतला रुपयाही आईंच्या उपचाराला वापरता येत नाही. त्या सत्तरीच्या झाल्या की त्यांचंही कार्ड निघेल, पण तेव्हा एका घरातल्या दोघांना मिळून ५ लाख, प्रत्येकी वेगळे नव्हेत. तोपर्यंतच्या दोन वर्षांसाठी आईंच्या नावानं खाजगी पॉलिसी परवडत असेल तर जरूर बघा. १ एप्रिल २०२४ पासून नवी पॉलिसी घ्यायला ६५ ची अट राहिलेली नाही, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही गेला. खाजगी विमा असला तरी पुढं वय वंदना मिळतं, एकामुळे दुसरं अडत नाही.

आपल्या भागात घरटी एखादा तरी मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झालेला असतो, म्हणून हेही सांगून ठेवतो. वडील माजी सैनिक असतील आणि ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड असेल, तर दोन्हींतलं एकच निवडायचं असतं आणि निवड एकदाच करता येते. माझं स्पष्ट मत, ईसीएचएस सोडू नका. तिथं ओपीडी आणि महिन्याच्या गोळ्याही मिळतात. वय वंदनात फक्त दाखल झाल्यावरचा खर्च, दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस एवढंच येतं. केमो, डायलिसिससारखे उपचार त्यात धरतात. रोजच्या रक्तदाबाच्या नि हृदयाच्या गोळ्या धरत नाहीत, त्या जन औषधी दुकानातून घेतल्या तर बराच फरक पडतो.

कार्ड काढायला आयुष्मान ॲप किंवा केंद्राचं लाभार्थी पोर्टल चालतं, तुमच्या फोनवरूनही होईल. मी मात्र म्हातारी माणसं सोबत असतील तर ग्राम वन किंवा बेळगाव वन या सरकारी सेवा केंद्रात जायला सांगतो. सरकारी दवाखान्यातही करून देतात. आधार आणि आधारला जोडलेला मोबाईल एवढंच लागतं. तो मोबाईल नंबर चालू आहे का ते आधी बघा. बऱ्याच घरांत आधारला जोडलेला नंबर दहा वर्षांपूर्वी मुलानं घेतलेल्या आणि केव्हाच बंद पडलेल्या सिमचा असतो.

ओळख पटवायला बोटांचे ठसे घेतात, त्याची अडचण वेगळीच. निपाणीकडच्या ज्या बायकांनी आयुष्यभर विड्या वळल्या, त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गुळगुळीत झालेल्या असतात. यंत्रावर बोट ठेवलं की लाल दिवा. ऑपरेटर ओल्या फडक्यानं बोट पुसतो, दुसरं बोट ठेवायला सांगतो, परत लाल. म्हातारी आपलाच काही गुन्हा असल्यासारखी ओशाळते. अशा वेळी तिथून माघारी फिरू नका. मोबाईलवरचा ओटीपी, डोळ्याचं स्कॅन आणि चेहऱ्यावरून ओळख हे तिन्ही मार्ग योजनेत आहेत, ते वापरायला सांगा. चेहऱ्याच्या वेळी चष्मा काढून उजेडाकडं तोंड करून बसवा, चटकन होतं.

वय आधारवरूनच धरतात. आपल्या आधीच्या पिढीची जन्मतारीख शाळेत मास्तरांनी अंदाजे घातलेली, किंवा नुसतं वर्ष. आधारवर वय कमी लागलं असेल तर आधी ते दुरुस्त करा. नावाचंही तसंच: आधारवर वडिलांचं नाव मधे पूर्ण, रेशनवर कन्नडमध्ये नुसतं आद्याक्षर, दवाखान्याच्या जुन्या कागदावर तिसरंच. वय वंदनाला रेशन कार्ड लागत नाही, पण एपीएलचे ३० टक्के घ्यायची वेळ आली तर लागेल. म्हणून तिन्ही कागद एकदा शेजारी ठेवून बघा.

आता दवाखाना. हे नीट वाचा, कारण माणसं इथंच अडकतात. कर्नाटकात रीत अशी की आधी सरकारी दवाखान्यात दाखवायचं. उपचार तिथं होत असेल तर तिथंच घ्यायचा. होत नसेल तर तिथले डॉक्टर रेफरलचं पत्र देतात आणि ते घेऊन योजनेतल्या खाजगी दवाखान्यात जायचं. तुमच्यासाठी म्हणजे खानापूरचा तालुका दवाखाना किंवा बेळगावचं सिव्हिल, म्हणजे बिम्स. पत्र नसताना सरळ मोठ्या दवाखान्यात जाऊन ॲडमिट झालात की नंतर योजनेत घालणं फार अवघड. तातडीच्या आजारांना ही अट नाही. हार्ट अटॅकची शंका असेल तर रेफरलच्या नादाला न लागता १०८ बोलवा आणि जवळच्या हृदयाच्या दवाखान्यात न्या. कागद नंतर.

वय वंदनाबद्दल एक गोष्ट लोकांना कुणी सांगत नाही. कार्ड केंद्राच्या पोर्टलवर निघतं, पण योजनेचा खर्च केंद्र आणि राज्य ६०-४० असा वाटून घेतात, आणि केंद्राचा वाटा अपुरा पडतो ही कर्नाटकाची जुनी तक्रार आहे. त्यामुळे हातात कार्ड असूनही 'आमच्याकडं सत्तरीचं कार्ड चालत नाही' असं ऐकून माणसं परत आलेली मी बघितली आहेत. म्हणून दवाखान्यात 'आयुष्मान चालतं का?' असं मोघम विचारू नका. आरोग्य मित्राच्या, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या खिडकीशी जाऊन विचारा, 'वय वंदना कार्डावर ॲन्जिओप्लास्टीची मंजुरी टाकता का? मागच्या महिन्यात कुणाची आली का?' या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की चित्र स्पष्ट होतं. फोनवर नको, समोर जाऊन. तुम्ही पुण्यात असलात तरी पुतण्याला, भाच्याला पाठवा. टाळाटाळ झाली तर योजनेच्या १४५५५ या नंबरवर फोन करून तक्रार नोंदवा आणि नोंदीचा नंबर लिहून ठेवा. कर्नाटकात आरोग्याच्या चौकशीसाठी १०४ सुद्धा आहे.

कोल्हापूर-मिरजेचं म्हणाल तर केंद्राचं कार्ड देशभर योजनेतल्या दवाखान्यांत चालावं अशी सोय आहे. आपली माणसं वर्षानुवर्षं तिकडंच जातात, भाषा कळते, पाहुणे आहेत, डब्याची सोय होते. जायच्या आधी त्या दवाखान्याच्या आरोग्य मित्राला 'कर्नाटकातून काढलेलं कार्ड आहे' हे आवर्जून सांगा. रेफरलचं पत्र घेतलेलं असेल तर तेही जवळ ठेवा. एपीएलचे ३० टक्के ही मात्र कर्नाटकाची स्वतःची सवलत, तिच्या भरवशावर सीमा ओलांडू नका.

शिवाय महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ती सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय घेतला. कर्नाटक सरकारनं त्याला उघड विरोध केला, आणि तो वाद सगळ्यांना माहीत आहे. म्हाताऱ्या माणसाच्या छातीत दुखतंय तेव्हा कुठल्या सरकारचे पैसे आले याची लाज बाळगायचं कारण नाही, जे मिळतं ते हक्कानं घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. तुमचं गाव त्या ८६५ मध्ये आहे का आणि पुरावा म्हणून कोणते कागद लागतात, हे १८०० २३३ २२०० या त्यांच्या नंबरवर विचारून घ्या.

दाखल झाल्यावर औषधं, तपासण्या, स्टेंट, जेवण हे पॅकेजमध्येच येतं, जनरल वॉर्डमध्ये. 'हे इंजेक्शन बाहेरून आणा' किंवा 'डिपॉझिट भरा' असं कुणी म्हटलं तर पावती मागा. पावती मागितल्यावर बऱ्याचदा मागणीच मागं घेतली जाते. आणि कार्ड काढून देतो म्हणून कुणी फोनवर ओटीपी मागत असेल तर देऊ नका, हे वडिलांना दोनदा सांगा.

तुम्ही पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा शनिवार धरून जा, म्हणजे केंद्र आणि दवाखाना दोन्ही उघडे मिळतील. सकाळी वडिलांचं कार्ड करून घ्या, तिथूनच सिव्हिलला जाऊन हृदयाचे जुने ईसीजी, इकोचे कागद दाखवून केस पेपर काढा. तिथं नोंद झालेली असली की पुढं रेफरल मिळायला सोपं जातं. इथले अर्ज आणि पत्रं कन्नडमध्ये असतात, तेव्हा कन्नड वाचणारं कुणीतरी बरोबर असू द्या. वडिलांचा इको काय सांगतोय आणि डॉक्टरांनी ॲन्जिओग्राफी सुचवलीय का, ते इथं लिहा, म्हणजे त्या उपचाराला सरकारी दवाखान्याची अट कशी लागते ते बघून सांगता येईल.