मुलांना समता, न्याय, प्रामाणिकपणा असे शब्द कसे शिकवायचे?

तुम्ही लिहिलंय की मुलगा तिसरीत आहे, हे शब्द त्याला पाठ आहेत पण अर्थ विचारला की गप्प. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे आमच्याकडे हे रोजचंच.

शब्दांची वेगळी यादी करत बसू नका. बालभारतीचं पुस्तक उघडा, सुरुवातीलाच संविधानाची उद्देशिका आणि प्रतिज्ञा छापलेली असते. (प्रतिज्ञा मूळ तेलुगू आहे, पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी 1962 साली लिहिलेली, हे बऱ्याच शिक्षकांनाही माहीत नसतं.) पोरं परिपाठाला ती एका दमात म्हणून मोकळी होतात आणि 'परंपरांचा पाईक' म्हणजे काय विचारलं की एकमेकांकडे बघतात.

मी काय करतो, व्याख्या आधी सांगतच नाही, भांडण झालं की शब्द काढतो, आणि आमच्याकडे भांडणं पोषण आहारावर भरपूर होतात. नियमाने पाचवीपर्यंत प्रत्येकी 100 ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवी 150 ग्रॅम, मग चौथीतला ओरडतो की त्याला जास्त का, आपण सगळे समान ना! मी विचारतो, सगळ्यांना सारखंच वाढलं तर उपाशी कोण राहील? मग जो कालवा होतो तोच खरा तास, आणि तो थोडा शांत झाला की फळ्यावर 'समान' आणि 'न्याय्य' शेजारी शेजारी लिहायचे. एकीने विचारलं, पाचवीतला धिप्पाड आणि आठवीतला काडीपैलवान असेल तर? म्हटलं तुम्हीच ठरवा, अजून वाद चालू आहे.

घरी निदान 'चुगली' आणि 'तक्रार' यातला फरक तरी नक्की बोला. दुसऱ्याला मार बसावा म्हणून सांगितलं ती चुगली, कुणाला त्रास होतोय तो थांबावा म्हणून सांगितलं ती तक्रार. हा फरक माहीत नसला की चुगलखोर म्हणतील या भीतीने मुलं मार खातात पण घरी सांगत नाहीत, हे मी फार बघितलंय.

आणि तयारी ठेवा, शब्द कळले की पोरं ते पहिले आपल्यावरच वापरतात, बाबांनी सिग्नल का तोडला, कामवाल्या मावशींचा कप वेगळा का. 'मोठ्यांना उलट बोलू नये' म्हणून गप्प केलंत तर विषय संपला. आधी तो कप बदला, मग उद्देशिकेतलं 'दर्जाची व संधीची समानता' वाचायला घ्या.