नळाच्या पाण्याला केमिकलचा वास येतोय, उकळून प्यायलं तर चालेल का?

प्रश्न असा आहे: सकाळपासून नळाला केमिकलसारखा वास आहे. घरी आरओ आहे आणि टीडीएस मीटर नेहमीचाच आकडा दाखवतोय, मग पाणी उकळून वापरावं का? आणि अमेरिकेतल्या चार्ल्स्टनमध्ये २०१४ साली उकळायलाही मनाई का केली होती?

उकळू नका. उकळल्याने जंतू मरतात, रसायन मरत नाही. ते उडून जाणारं असेल तर वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरतं आणि श्वासातून आत जातं. उडणारं नसेल तर भांड्यातच राहतं: १० लिटरचं आटून ९ लिटर झालं की त्याचं प्रमाण ११ टक्क्यांनी वाढलेलं असतं. चार्ल्स्टनला म्हणूनच 'उकळून प्या' असं न सांगता 'वापरूच नका' असा आदेश निघाला. पिणं, स्वयंपाक, आंघोळ, धुणीभांडी सगळं बंद. फक्त संडासात टाकायला आणि आग विझवायला परवानगी.

९ जानेवारी २०१४ ला वेस्ट व्हर्जिनियातल्या एल्क नदीकाठी फ्रीडम इंडस्ट्रीजच्या टाकीला तळाशी भोक पडलं. दगडी कोळसा धुण्यासाठी वापरतात ते एमसीएचएम नावाचं रसायन सुमारे १० हजार गॅलन, म्हणजे ३८ हजार लिटरच्या आसपास गळलं. टाकीभोवतीची भिंतही धड नव्हती, त्यामुळे ते सरळ नदीत गेलं. चार्ल्स्टन शहराचं पाणी तिथून जेमतेम अडीच किलोमीटर खाली उचललं जात होतं. सुमारे ३ लाख लोकांच्या नळाला ज्येष्ठमधासारखा गोडसर वास येऊ लागला.

जलशुद्धीकरण केंद्र हे गाळ आणि जंतू यांच्यासाठी बांधलेलं असतं. तुरटी किंवा पीएसी (तुरटीसारखंच काम करणारी पावडर) गढूळपणाचे कण एकत्र आणून खाली बसवते. विरघळलेलं सेंद्रिय रसायन तिच्या हाती फारसं लागत नाही. वाळूच्या फिल्टरचंही तेच. क्लोरिन तर कधी कधी भर घालतो: पाण्यात फिनॉल (कारखान्यांत वापरलं जाणारं एक रसायन) असेल तर क्लोरोफिनॉल तयार होऊन औषधी वास आणखी उग्र होतो. उरतो सक्रिय कोळसा (अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन), जो रसायनं आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. तो चार्ल्स्टनला होता, पण कोळशाची पकड मोजकी असते; ती भरली की पुढचं रसायन आरपार जातं. मग उपसा का थांबवला नाही? कडाक्याच्या थंडीत पाइप फुटत होते, गोठू नयेत म्हणून लोक नळ ठिबकत ठेवत होते, त्यामुळे साठा आधीच कमी होता आणि पाणी उचलायला दुसरी जागा नव्हती.

आता तुमचा मीटर. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच पाहतो, म्हणजे क्षारांचा अंदाज देतो. एमसीएचएम, पेट्रोल, थिनर असल्या गोष्टी वीज वाहून नेत नाहीत, त्यामुळे आकडा ढिम्म हलत नाही. आरओचा पडदाही क्षारांसाठी. लहान, विद्युतभार नसलेले रेणू त्यातून थोडेफार निसटतात. सोबतचं कार्बन कार्ट्रिज नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनपुरतंच असतं. अशा वेळी नाकाचं ऐका.

सोसायटीत असाल तर पहिलं काम म्हणजे वॉचमनला सांगून जमिनीखालच्या टाकीचा इनलेट व्हॉल्व्ह बंद करणं आणि पंप थांबवणं. गच्चीवरच्या टाकीत कालचं पाणी असेल तर ते अजून चांगलं असण्याची शक्यता आहे, त्यात नवं चढवू नका. मग पाणी खात्याला कळवा.

नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या, काठोकाठ भरा, झाकणाखाली बुडबुडा राहू देऊ नका (उडणारं रसायन त्या हवेत शिरतं) आणि थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. प्लास्टिकची बाटली नको, ती काही रसायनं शोषते. प्रयोगशाळेला 'पाण्याची टेस्ट' एवढंच सांगितलंत तर पीएच, क्षार आणि कोलिफॉर्म जंतू पाहून सगळं ठीक असल्याचा कागद मिळेल. व्हीओसीसाठी (उडून जाणारी सेंद्रिय रसायनं) जीसी-एमएस ही रसायनं ओळखणारी चाचणी आणि वेगळं फिनॉल, असं स्पष्ट मागा. फिनॉलवर्गाची मर्यादा आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. एमसीएचएमसारख्या हजारो रसायनांसाठी तिथे आकडाच नाही. चार्ल्स्टनलाही नव्हता, अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने घाईघाईत १ पीपीएम (दहा लाखात एक भाग) ठरवला, पुढे राज्याने नेमलेल्या प्रकल्पातल्या तज्ज्ञांनी १२० पीपीबी (१ पीपीएम म्हणजे १००० पीपीबी) सुचवला, म्हणजे आठपटीने कडक. नाकाला तर त्याहून कितीतरी कमी प्रमाणातही वास येत होता, म्हणून 'सुरक्षित' जाहीर झाल्यावरही लोकांचा विश्वास बसेना.

लाइन स्वच्छ झाल्याचं पाणी खात्याने सांगितल्यावरच घरातलं पाणी सोडून द्या. आधी केलंत तर दूषित पाणी आणखी आत ओढाल. चार्ल्स्टनला सगळे गरम नळ १५ मिनिटं, मग थंड नळ ५ मिनिटं असा नियम होता, आणि गरम पाण्याच्या वाफेने घरं वासाने भरली. आपल्याकडे सोपं पडतं: गीझर बंद करून थंड होऊ द्या, खिडक्या उघडा, मग त्यातून पाणी सोडा. एकदा रिकामा केला की झालं असं नाही, कारण नवं पाणी जुन्यात मिसळत जातं. १५ लिटरच्या गीझरमधून १५ लिटर गेल्यावर साधारण ३७ टक्के जुनं उरतं, ४५ लिटरनंतर ५ टक्के, ७५ लिटरनंतर एका टक्क्याखाली. दोन्ही टाक्या मात्र उपसून, घासून, पुन्हा भरून घ्याव्या लागतील. आणि आरओची कार्ट्रिजं फेकून द्या, वास गेला असला तरी. त्यांनी जे धरून ठेवलंय ते पुढच्या चांगल्या पाण्यात हळूहळू परत सोडतात.