आधी कोरा कागद

प्रिय पोरी,

जर्मनीतल्या सत्रासाठी तू निवडलेल्या विषयांची यादी पाहिली. क्वांटम फील्ड थिअरी, जनरल रिलेटिव्हिटी, सॉलिड स्टेट, ॲडव्हान्स्ड लॅब, वर जर्मन भाषा. आणि खाली प्रश्न, "सर, कोट सोलापुरातून नेऊ की तिथे घेऊ?" कोट तिथे घे. शेंगाचटणी मात्र इथूनच ने. आता यादीकडे येतो.

बेरीज केलीस का? जर्मनीत एका सत्राला ३० ईसीटीएस, म्हणजे तिकडचे क्रेडिट, आणि एक ईसीटीएस म्हणजे ३० तासांचं काम. नुसतं वर्गात बसणं नव्हे, सगळं धरून. म्हणजे थिअरीचा ९ ईसीटीएसचा विषय २७० तास खातो, आणि लेक्चर चालतात जेमतेम १४-१५ आठवडे. आठवड्याला चार तास लेक्चर, दोन तास ट्युटोरियल, आणि मग दहा-बारा तास तू आणि गणितं. असे तीन विषय घेतलेस तर झोपणार कधी? थिअरीचे दोन, एक लॅब, भाषा. बास.

ही गणितं म्हणजे काय, ते नीट समजून घे. दर आठवड्याला प्रश्नांचा एक कागद हातात पडतो, आठवड्याभरात सोडवून द्यायचा. निम्मे गुण जमले नाहीत तर बऱ्याच ठिकाणी परीक्षेलाच बसू देत नाहीत. ट्युटोरियलला फळ्याशी उभं करतात. तिथे पाठ केलेलं डेरिव्हेशन उपयोगी पडत नाही. म्हणून एकच सांगतो, आणि पुन्हा पुन्हा सांगणार आहे: उत्तर न बघता, कोऱ्या कागदावर सोडव.

पार्टिकल इन अ बॉक्स, म्हणजे पेटीत अडकलेल्या कणाचं क्वांटमचं गणित, तुला झोपेतही येतं ना? मग बॉक्सची रुंदी एका क्षणात दुप्पट केली, कण ग्राउंड स्टेटमध्ये, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या पातळीत होता. नव्या बॉक्सच्या ग्राउंड स्टेटमध्ये तो सापडण्याची शक्यता किती? ३२ भागिले ९π², सुमारे ०.३६. आणि दुसऱ्या पातळीत? बरोबर ०.५, म्हणजे ग्राउंड स्टेटपेक्षा जास्त. का, ते तुला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. उत्तरं मी दिली, आता त्यांचा काही उपयोग नाही. कागद घे. हे अर्ध्या तासात जमलं नाही तर फील्ड थिअरीचं नाव यादीतून खोड, त्याजागी ॲडव्हान्स्ड क्वांटम मेकॅनिक्स घाल. यात कमीपणा कसला?

तू म्हणशील, आयएमपी प्रश्न काढून दिले ते तुम्हीच. दिले. पेपर विद्यापीठाचा, वर्गात साठ मुलं, निम्मी एसटीने गावाहून येणारी, आणि निकालाचा टक्का विचारणारे वर बसलेले. दुसरं काय करायला हवं होतं? काही तरी करायला हवं होतं, एवढं कबूल. म्हणून तर तुझ्या मागे लागलोय.

लॅबचंही तेच. तिथला एक प्रयोग एक-दोन पूर्ण दिवस चालतो, आधी तोंडी प्रश्न विचारतात, तयारी नसेल तर घरी पाठवतात. आणि आपल्याकडचं रीडिंग 'बसवणं' तिथे विसर. साधा लंबक घे. दोरी १.००० मीटर, २० आंदोलनांना ४०.१ सेकंद. कॅल्क्युलेटर 'जी', म्हणजे गुरुत्व त्वरण, दाखवतो ९.८२०४. तू जर्नलमध्ये तेच उतरवणार. चूक! स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे होतात, म्हणजे आवर्तकाळात अर्धा टक्का. सूत्रात त्याचा वर्ग आहे, म्हणून 'जी'मध्ये एक टक्का. खरं उत्तर ९.८ ± ०.१. त्यापुढचे दशांश थापा आहेत. ५० आंदोलनं मोज, तीच ०.२ सेकंदांची चूक जास्त वेळावर पसरते आणि अनिश्चितता ०.०४ वर येते. हाही हिशोब कोऱ्या कागदावर, जुनी जर्नल न उघडता.

कागदपत्रांचं थोडक्यात. लर्निंग ॲग्रीमेंटवर, म्हणजे तिथे कुठले विषय घेणार त्याच्या करारावर, तुझी, आपल्या विद्यापीठाची आणि तिकडची, अशा तिन्ही सह्या निघायच्या आधी हव्यात. कुठला विषय इथल्या कुठल्या विषयाच्या बदली धरणार, ते लेखी घे. तोंडी 'होऊन जाईल' ऐकून विमानात बसू नकोस. तिथे १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम पास, ५.० नापास. तू १.३ घेऊन आलीस तर इथल्या खिडकीवरचा माणूस त्याला एटीकेटी समजेल. गुण कसे बदलायचे, तेही आधीच लेखी ठरव.

लेक्चर ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात. तोवर रोज एक प्रश्न. व्हिडिओ बघून 'समजलं' म्हणू नकोस, मला तो शब्द ऐकायचाच नाही.

बॉक्सचा कागद रविवारी दुपारपर्यंत फोटो काढून पाठव. खाडाखोड तशीच राहू दे, ती मला बघायची आहे.

तुझे,
सर