दंड भरला म्हणजे प्रकरण मिटलं, असं नसतं

प्रश्न : हर्णै बंदरात माझी स्वतःची बोट आहे, पण मुलाला या धंद्यात आणायचं नाही. तो २१ वर्षांचा आहे. तीन वर्षांपूर्वी बारावीच्या निकालाची वाट बघत असताना मित्रांबरोबर गांजा ओढताना पकडला गेला. केस झाली. वकिलांच्या सांगण्यावरून गुन्हा कबूल करून दंड भरला आणि प्रकरण मिटवलं. आता तो पोलीस भरतीची तयारी करतोय. रक्ततपासणीत जुनं काही निघेल का? फॉर्मवर केसचं लिहायलाच हवं का? ओळखीचे एक गृहस्थ 'पैसे द्या, पुढचं बघून घेऊ' म्हणतात. एकदा अंगावर खाकी चढली की गावाची तोंडं बंद होतील.
– एक पालक, दापोली तालुका

उत्तर : दादा, तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे, वर ते थोडक्यात दिलंय. लिलावाच्या वेळी बंदरावर कोण काय बोललं, शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा कुणी तोंड फिरवलं, हे सगळं त्या चार पानांत आहे. मुलगा गांजाकडे का वळला, त्याने तो कधी सोडला, सोडताना कुणी मदत केली का, याबद्दल अक्षर नाही. त्याला पोलीस व्हायचंय का, हेही नाही. शेवटच्या पानाच्या समासात मात्र पेन्सिलने, वेगळ्या अक्षरात एक ओळ आहे : 'सर, अडीच वर्षं हात लावलेला नाही. बाबांना पटत नाही.'

पाकीट बंद करण्याआधी ही ओळ तुमच्या नजरेला पडली होती का? हिशोब केला तर पकडल्यानंतरही काही महिने त्याचं सुटलं नव्हतं. ते त्याने लपवलेलं नाही. म्हणूनच त्या अडीच वर्षांवर माझा विश्वास बसला.

तुम्ही लिहिता, 'अजूनही रोज रात्री त्याचे खिसे तपासतो.' पोरगं पहाटे साडेचारला उठून मुरुडच्या वाळूत धावतं आणि रात्री बाप त्याच्या विजारीचे खिसे चाचपतो. हे एका घरात फार दिवस चालत नाही. उद्या भरतीत दोन गुणांनी राहिला, तर ते अपयश मैदानावर राहणार नाही, तुमच्या घरी ते पुन्हा त्याच्या गांजावर येईल. अशा एखाद्या रात्रीच पोरं जुन्या मित्रांकडे परत जातात. गावाची तोंडं बंद करायला म्हणून मुलाला पोलिसात पाठवू नका. ते काम त्याचं नाही. खिसे तपासणं आजपासून बंद करा.

आता तुमचे प्रश्न. तीन वर्षांपूर्वीचा गांजा आज ना रक्तात सापडणार ना लघवीत. ती भीती सोडा. अडचण रक्तात नाही, कागदात आहे.

'दंड भरून मिटवलं' हा गैरसमज मला पालकांच्या पत्रांत सारखा भेटतो. हेल्मेट नसल्याचं चलान भरावं, तसं हे नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरोधी कायद्याच्या कलम २७ खाली गांजा ओढल्याबद्दल ६ महिन्यांपर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे दंड हीसुद्धा शिक्षाच. गुन्हा कबूल केला आणि न्यायालयाने दंड ठोठावला, याचा अर्थ मुलाला दोषी ठरवलं गेलं. त्या दिवशी वकिलांनी तुमच्या कोर्टाच्या खेपा वाचवल्या खऱ्या, पण अठराच्या आसपासच्या पोराला या कबुलीचा अर्थ कुणी समजावून सांगितला नाही, याचा मला राग येतो. याच कलमासाठी कायद्याने चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची वाटही ठेवली आहे. ती मागितली होती का, हे निकालपत्रात कळेल.

तेव्हा फॉर्म भरण्याआधी कोर्टातून निकालाची नक्कल काढा. दाखल्यावरची जन्मतारीख आणि घटनेची तारीख शेजारी ठेवून बघा. बारावीच्या निकालाआधी बरीच मुलं अठराची झालेली नसतात. त्या दिवशी तो अठराच्या आत असेल, तर चित्रच बदलतं. अशा बालकाला त्या प्रकरणामुळे पुढे अपात्रता चिकटत नाही, असं बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम २४ सांगतं. आणि वयाचा हा मुद्दा निकाल लागून गेल्यावरही कोर्टापुढे मांडता येतो. चांगला फौजदारी वकील गाठा, जमलं तर आधीच्यापेक्षा वेगळा.

फॉर्मवर लिहायलाच हवं. निवडीनंतर चारित्र्य पडताळणी होते, आणि ती करणारेही पोलीसच. नोकरीच्या फॉर्मवर केस लपवण्याबद्दलच्या अवतार सिंग प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय : माहिती खरीच द्यायची. कोवळ्या वयातली किरकोळ बाब असेल तर नेमणूक करणारे ती नजरेआड करू शकतात, पण खरं सांगितलं म्हणून नेमणूक द्यायलाच हवी असं नाही. लपवलेलं मात्र नोकरी लागल्यावर उघड झालं तरी नोकरी जाऊ शकते. तेव्हा तुमच्या त्या गृहस्थांना एक रुपयाही देऊ नका. पैसे तर जातीलच, वर दुसरा गुन्हा अंगावर येईल, आणि या वेळी तो तुमच्यावरही.

मैदानी ५० आणि लेखी १०० गुणांची तयारी त्याला ठाऊक आहे, त्यावर मी वेळ घालवत नाही. पण स्पष्ट सांगतो, तो तेव्हा अठरा पूर्ण असेल आणि ती शिक्षा कायम असेल, तर पोलीस शिपाई होण्याची आशा फार कमी आहे. एवढ्या एका आशेवर त्याची आणखी तीन वर्षं घालवू नका.

तिसऱ्या पानावर तुम्ही तक्रार केली आहे, 'बोटीचं इंजिन बिघडलं की सगळं सोडून त्यातच डोकं घालतो, दोनदा एकट्याने खोलून बसवलं.' दादा, ही तक्रार नाही हो! आयटीआयचा मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा ट्रेड आहे, पुढे अप्रेंटिसशिप करता येते. हर्णैपासून रत्नागिरीपर्यंत एवढ्या यांत्रिक नौका आहेत, इंजिनात हात चालणाऱ्या पोराला काम शोधत फिरावं लागणार नाही. या धंद्यात आणायचं नाही, हे तुम्ही ठरवलंत. त्याला विचारलंत का? मर्चंट नेव्हीचं कुणी सुचवलं, तर तिथे नशेची तपासणी नोकरीभर चालते हे त्याला आधीच सांगा.

आणि त्याला पुन्हा कधी ओढावंसं वाटलं, तर १४४४६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. नंबर त्याच्याकडे राहू दे. त्याने फोन केला का, हे विचारू नका.

निकालाची नक्कल आली की दोघांनी शेजारी बसून वाचा आणि मला कळवा. पुढचं पत्र त्याला लिहू द्या, पेनने, आणि समासात नको.